भंडारदऱ्याची मुले जगाला भूगोल सांगतील तेव्हा

प्राथमिक शाळेतील भूगोल आपल्यापैकी बहुतेकांच्या स्मरणात दोनच गोष्टींच्या रूपाने उरलेला असतो : भिंतीवर टांगलेला नकाशा आणि पाठ केलेली यादी. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. प्रवरा नदीचा उगम रतनगडावर. भंडारदरा धरण प्रवरेवर. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळत. पण कळसूबाईच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलालाही हेच उत्तर पाठ करावे लागे आणि दूरच्या शहरातील मुलालाही. ज्याच्या अंगणातून ते शिखर दिसते, त्याच्या पाहण्याला त्या उत्तरात वेगळी जागा नव्हती.

गेल्या काही दशकांत जगभरच्या प्राथमिक शाळांतून एक निराळी पद्धत रुजली आहे. एका देशातील वर्ग संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या साहाय्याने दुसऱ्या देशातील वर्गाशी जोडला जातो आणि दोन्हीकडची मुले परस्परांना आपापल्या परिसराचा भूगोल शिकवतात. या पद्धतीत नेमके काय घडते, ती आपल्या महाराष्ट्रात कोठवर आली आहे आणि भंडारदऱ्यासारख्या डोंगराळ, आदिवासी भागातील शाळेला तिचा खरा उपयोग कोणता, हे आम्ही या लेखात समजावून घेणार आहोत. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. त्यामुळे या परिसरातील मुलांचे शिक्षण हा आपल्याही जवळचा विषय आहे.

कल्पना जुनी, साधने नवी

दूरच्या वर्गाशी मैत्री करून शिकण्याची कल्पना संगणकापेक्षा पुष्कळच जुनी आहे. फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या खेडेगावच्या शिक्षकाने १९२०च्या दशकात आपल्या वर्गात एक लहानसा छापखाना आणला. मुले आपल्या गावाविषयी स्वतः मजकूर लिहीत, स्वतः खिळे जुळवून छापत आणि टपालाने दुसऱ्या प्रांतातील शाळेला पाठवीत. तिकडूनही तसेच कागद येत. डोंगरातल्या मुलांना समुद्रकिनाऱ्याचे जीवन कळे आणि किनाऱ्यावरील मुलांना डोंगराचे. फ्रेनेच्या ध्यानात आले, की शिक्षकाला दाखवण्यासाठी मूल जे लिहिते त्यापेक्षा अनोळखी मित्रासाठी अधिक काळजीपूर्वक लिहिते. मित्राला काहीच ठाऊक नाही, त्याला सर्व नीट सांगितले पाहिजे, ही जाणीव त्याला नेमके पाहायला भाग पाडते.

पुढे टपालाची जागा संगणकाने घेतली. १९८८ साली अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांच्यातील शाळा जोडण्याच्या प्रयत्नातून ‘आयअर्न’ ही चळवळ उभी राहिली. १९९०च्या दशकात इंटरनेट शाळांपर्यंत पोचले आणि वर्गावर्गांत ई-पत्रमैत्री सुरू झाली. नंतर ‘स्काइप’मुळे दोन वर्ग एकमेकांना प्रत्यक्ष पाहू लागले. २०२०च्या महामारीने तर दृक्श्राव्य संवाद घरोघरी नेऊन ठेवला. स्काइपची सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. पण तेच काम करणारी इतर साधने आज साध्या स्मार्टफोनवरही उपलब्ध आहेत. साधने येतात आणि जातात. दोन वर्गांनी एकमेकांना काय विचारायचे, हा प्रश्न मात्र फ्रेनेच्या काळी होता तसाच आजही आहे.

परितेवाडीचा धडा

हे सारे परदेशात शोभते, आपल्याकडच्या खेड्यात कसे व्हायचे, असा विचार ज्यांच्या मनात येईल त्यांनी सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीकडे पाहावे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती आणि तिच्या शेजारी गुरांचा गोठा होता. पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून त्यातून मुलांना ध्वनिफिती, चित्रफिती आणि कविता उपलब्ध करून देण्याच्या त्यांच्या प्रयोगाची पुष्कळ चर्चा झाली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही तो आला. त्यांचे दुसरे काम आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. संगणकाच्या पडद्यावरून त्यांनी अनेक देशांतील वर्गांसाठी आभासी सहली घडवल्या. ‘सीमा ओलांडू या’ अशा आशयाच्या एका उपक्रमात त्यांनी भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन, इराण व इराक अशा परस्परांत वैर असलेल्या देशांतील विद्यार्थ्यांच्या जोड्या जुळवून त्यांना काही आठवडे एकमेकांशी बोलते केले.

३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणात असेलच. पुरस्काराचा झगमगाट बाजूला ठेवला तरी एक गोष्ट निश्चितपणे उरते. मराठी भाषक प्रदेशातील जिल्हा परिषदेची, खेड्यातली, साधी शाळा जगाच्या वर्गात बसू शकते, हे परितेवाडीने दाखवून दिले आहे.

गूढ स्थळाचा खेळ

अशा देवाणघेवाणीची सुरुवात बहुधा एका खेळाने होते. स्काइपच्या काळात तो ‘मिस्टरी स्काइप’ या नावाने प्रसिद्ध झाला. दोन वर्ग पडद्यावर समोरासमोर येतात, पण आपण कोठले हे कोणीही सांगत नाही. ज्याचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येईल, असे प्रश्न आळीपाळीने विचारायचे आणि नकाशावर बोट सरकवत समोरच्यांचे ठिकाण शोधून काढायचे.

समजा, भंडारदरा परिसरातील एखाद्या शाळेचा चौथीचा वर्ग या खेळाला बसला. पलीकडून पहिला प्रश्न येईल : तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? होय. तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का? होय. तुमच्या गावातून समुद्र दिसतो का? नाही. तुमच्याकडची नदी सर्वांत जवळच्या समुद्राला मिळते का? येथे वर्गात कुजबुज सुरू होईल. अरबी समुद्र भंडारदऱ्याहून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. प्रवरा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला जाते, नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी आंध्र प्रदेशापर्यंतचा लांब प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचते. तेव्हा उत्तर ‘नाही’ असे द्यावे लागेल. ते देताना मुलांना सह्याद्रीचा जलविभाजक समजून घ्यावाच लागेल. एकाच डोंगराच्या माथ्यावर पडलेला पाऊस अलीकडे पडला तर एका समुद्राला आणि पलीकडे पडला तर दुसऱ्या समुद्राला जातो, हे पुस्तकातील वाक्य त्या क्षणी त्यांच्या गावचे होऊन जाते.

खेळाची खरी किमया ही आहे. समोरच्याचे गाव शोधताना मूल जगाचा नकाशा वाचते आणि समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देताना आपले गाव वाचते.

विचारण्याजोगे काय आहे?

भंडारदऱ्याकडे जगाला सांगण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. धरण बांधण्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरे झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. त्याची साठवणक्षमता सुमारे ११ अब्ज घनफूट आहे. जलाशयाच्या काठी रतनवाडीचे प्राचीन अमृतेश्वर मंदिर आहे, रतनगड आहे, साम्रदची खोल सांदण दरी आहे, घाटघरचा कडा कोकणात डोकावतो. मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी झाडांवर काजव्यांचा लखलखाट होतो आणि तो पाहण्यासाठी शहरांतून वाहनांच्या रांगा लागतात.

येथेच आम्हाला एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. भंडारदऱ्याची मुले लहानपणापासून पाहतात, की लोक त्यांचे गाव बघायला येतात. पाहुणे येतात, छायाचित्रे काढतात, जेवतात आणि निघून जातात. महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या या मुलांना कोणी फारसे काही विचारत नाही. काजवे कोणत्या झाडावर अधिक बसतात, ते पाऊस पडल्यावर कोठे जातात, वाहनांच्या दिव्यांनी त्यांचे काय होते, हे ज्यांना ठाऊक असण्याचा संभव सर्वाधिक, तेच गप्प उभे असतात. परदेशातील वर्ग जेव्हा पडद्यावरून या मुलांना प्रश्न विचारतो, तेव्हा ती पाहिली जाणारी मुले न राहता सांगणारी मुले होतात. भूगोलाच्या गुणांपेक्षा हा बदल आम्हाला मोलाचा वाटतो.

पाऊस मोजणारे मित्र

देवाणघेवाण फलदायी व्हायची तर केवळ हात हलवून आणि गाणे म्हणून भागत नाही. दोन्हीकडच्या मुलांनी एकच गोष्ट मोजावी आणि आकडे एकमेकांना पाठवावेत, ही उत्तम रीत. त्यासाठी पावसासारखा विषय नाही.

सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली कापून, तिच्या तळाशी सपाटी येईल एवढे खडे व पाणी भरून, बाहेर मोजपट्टी चिकटवली की साधे पर्जन्यमापक तयार होते. रोज सकाळी ठराविक वेळी पाणी कितीने चढले ते वहीत लिहायचे आणि जास्तीचे ओतून टाकायचे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे गणित एकदा समजले की आकड्यांना अर्थ येतो.

भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला वर्षाला सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या अहिल्यानगर शहरात तो साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच असतो. नैर्ऋत्येकडून येणारे ढग सह्याद्रीवर चढताना थंड होतात, पाण्याचा बहुतेक भार तेथेच टाकतात आणि पलीकडे उतरतात तेव्हा जवळजवळ रिते झालेले असतात. याला पर्जन्यछाया म्हणतात. आता समजा मित्रवर्ग लंडनचा आहे. लंडन म्हणजे सतत पाऊस, अशी आपली समजूत असते. पण लंडनचा वार्षिक पाऊसही सहाशे मिलिमीटरच्या आसपासच भरतो. अवर्षणाने होरपळणारे अहिल्यानगर आणि छत्रीवाचून न हलणारे लंडन यांना वर्षाकाठी जवळजवळ सारखेच पाणी मिळते, हे पाहून दोन्हीकडची मुले चकित होतील. मग कारणांचा शोध सुरू होईल. लंडनला पाऊस बारा महिने थोडाथोडा पडतो. आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो. तेथे ऊन सौम्य, म्हणून ओल टिकते. येथे उन्हाळा ती शोषून घेतो. पाऊस किती पडतो याइतकेच तो केव्हा पडतो हे महत्त्वाचे, हा भूगोलातील मोठा धडा दोन वह्यांतील आकडे शेजारी ठेवल्याने मुलांना आपोआप मिळतो.

एक काठी आणि पृथ्वीचा गोल

दुसरा प्रयोग सावलीचा. जमिनीत बरोबर एक मीटर उंचीची काठी उभी करायची आणि मध्यान्ही तिची सावली मोजायची. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिस याने सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांतील फरकावरूनच पृथ्वीचा परीघ काढला होता. आज जगातील अनेक शाळा मिळून हा प्रयोग करतात.

भंडारदरा सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ मार्चच्या सुमारास, दिवस आणि रात्र समान असताना, तेथे मध्यान्ही एक मीटर काठीची सावली सुमारे ३५ सेंटीमीटर पडते. त्याच दिवशी रोममधील शाळेच्या अंगणात ती सुमारे ९० सेंटीमीटर असेल. काठी तीच, सूर्य तोच. मग सावली निराळी का? पृथ्वी गोल आहे म्हणून. ‘पृथ्वी गोल आहे’ हे वाक्य लाखो मुलांनी पाठ केले असेल, पण दोन गावांच्या सावल्या जुळवून ते स्वतः सिद्ध करण्याचा आनंद निराळाच.

याच प्रयोगातून वेळेचा हिशेबही समजतो. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे. भंडारदरा त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून तेथे सूर्य माथ्यावर यायला उशीर होतो. मार्चमध्ये घड्याळात पाऊण वाजण्याच्या सुमारास खरी मध्यान्ह होते. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. रोमच्या मुलांच्या माथ्यावर सूर्य येईल तेव्हा भंडारदऱ्यात पावणेपाच वाजत आलेले असतील आणि शाळा सुटण्याची वेळ झालेली असेल.

भंडारदऱ्याच्या मुलांसाठी आणखी एक गंमत आहे. वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. तेथे हे दिवस मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात येतात. पहिला सुट्टीत सापडतो, दुसरा ढगांत हरवतो! तेव्हा मे महिन्यातला दिवस मुलांनी घरच्या अंगणातच साधावा. रोमच्या मित्रांना मात्र हा दिवस कधीच दिसणार नाही, कारण कर्कवृत्ताच्या उत्तरेला सूर्य माथ्यावर येतच नाही. भंडारदऱ्याच्या मुलांपाशी असलेले हे एक वैभव आहे आणि ते त्यांना बहुधा परक्याने विचारल्यावरच कळेल.

खाचरे, दगड आणि नातलग

दूरच्या प्रदेशांतील साम्ये शोधणे हाही अशा देवाणघेवाणीचा मोठा भाग असतो. फिलिपिन्सच्या उत्तरेस इफुगाओ लोकांनी डोंगरउतारावर कोरलेली भातखाचरे जगप्रसिद्ध आहेत. १९९५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. अकोले तालुक्यातील मुलेही डोंगरउतारावरच्या खाचरांत वाढतात. राब भाजणे, पेरणी, चिखलणी, जुलैतील आवणी, दिवाळीच्या सुमारासची कापणी हे चक्र त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. भाताखेरीज नागली आणि वरई ही पिके कोठल्या उतारावर घेतात, हेही ती जाणतात. दोन्हीकडच्या मुलांनी बारा महिन्यांचे शेतीचे चित्रमय वेळापत्रक काढून परस्परांना पाठवले, तर दोन डोंगरी समाज किती दुरून किती सारखे जगतात, हे शब्दांवाचून कळेल. फिलिपिन्सचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तासच पुढे असल्यामुळे दोन्ही शाळा एकाच वेळी भरलेल्या असतात, ही सोय वेगळीच.

दगडांचीही अशीच कथा आहे. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सारे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून थरावर थर वाहत आलेल्या लाव्हाचे, म्हणजे काळ्या बेसॉल्ट खडकाचे आहेत. आइसलँडची भूमीही मुख्यतः बेसॉल्टचीच, पण तेथे लाव्हा आजही उसळतो. २०२१पासून त्या देशाच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर पुनःपुन्हा उद्रेक झाले आहेत. आइसलँडचे मूल आपल्या घराजवळचा ताजा खडक दाखवील आणि भंडारदऱ्याचे मूल पायाखालचा झिजलेला खडक दाखवील. एकाच खडकाचे बालपण आणि वार्धक्य दोन वर्ग मिळून पाहतील.

धरणाचा अवघड प्रश्न

मुले निरागसपणे कधीकधी असा प्रश्न विचारतात, की मोठ्यांना उत्तर देताना थांबावे लागते. परदेशातील एखादे मूल विचारील : तुमच्या गावाशेजारी एवढे मोठे तळे आहे, तर उन्हाळ्यात तुमच्या आईला पाण्यासाठी लांब का जावे लागते?

भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून खाली जाते आणि कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या भागांतील शेतीला मिळते. याच पाण्यावर ऊस उभा राहिला आणि उसावर साखर कारखाने उभे राहिले. सप्टेंबर महिन्यात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या भाविकांनी वाटेत जे हिरवे मळे पाहिले असतील, त्यांचे मूळ या डोंगरातील पावसात आहे. खालच्या गावांची समृद्धी खरी आहे आणि शेकडो कुटुंबे तिच्यावर उभी आहेत. परंतु ज्या डोंगरावर तो पाऊस पडतो, त्याच्या उतारावरील वाड्यावस्त्यांवर पावसाळा सरताच झरे आटू लागतात. उतार तीव्र, मातीचा थर पातळ, खाली अभेद्य कातळ. पाणी मुरत नाही, धावते. धरण खाली आणि वाडी वर, म्हणून पाणी डोळ्यांना दिसते पण हंड्यात येत नाही.

हे उत्तर देताना मुलाला उतार, माती, खडक, कालवा आणि वाटप या पाचही गोष्टींचा विचार करावा लागेल. त्यातील शेवटची गोष्ट निसर्गाची नाही, माणसांची आहे. भूगोल येथे न्यायाच्या प्रश्नाला येऊन भिडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्वच्छ पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे प्रतिपादन केले, ते वाचकांना आठवत असेल. हा विचार दहा वर्षांच्या मुलाच्या मनात पेरायला दूरच्या मित्राचा एक साधा प्रश्न पुरेसा होतो. तो प्रश्न आपल्यापैकी कोणी विचारण्यापूर्वी परक्याने विचारावा, याचा विचार मात्र आपण मोठ्यांनी करावा.

अडचणी आणि उपाय

अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिली अडचण संपर्काची. डोंगराच्या कुशीत भ्रमणध्वनीची लहर कधी असते, कधी नसते. पावसाळ्यात वीजही जाते. पण प्रत्येक भेट समोरासमोरच झाली पाहिजे असे नाही. मुलांनी काढलेली चित्रे, आकड्यांचे तक्ते, दोन मिनिटांची ध्वनिफीत हे सारे शिक्षक बाजाराच्या दिवशी राजूरला किंवा अकोल्याला गेल्यावरही पाठवू शकतात. उत्तर आठवड्याने आले तरी बिघडत नाही. वाट पाहण्यातही शिक्षण असते.

दुसरी अडचण भाषेची. प्राथमिक वर्गातील मुलांना इंग्रजीतून संवाद साधणे अवघड जाते आणि भाषेच्या भीतीने ती गप्प बसली, तर सारा हेतूच विफल होतो. नकाशे, चित्रे आणि आकडे यांना भाषांतराची गरज थोडी लागते, म्हणून आरंभ त्यांनीच करावा. दुसरा मार्ग अधिक आपुलकीचा आहे. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली ठिकठिकाणी मराठी शाळा भरतात. तेथील मुले मराठी शिकत असतात आणि बोलण्याची संधी शोधत असतात. त्यांच्याशी जोडलेल्या भंडारदऱ्याच्या वर्गाला परदेशाचा भूगोल मायबोलीतून ऐकायला मिळेल आणि तिकडच्या मुलांना इरले, राब, आवणी हे शब्द प्रथमच भेटतील. न्यूयॉर्कच्या सकाळी आपल्याकडे संध्याकाळ असते, तेव्हा शनिवारी सायंकाळी आश्रमशाळेच्या वसतिगृहात अशी भेट जुळवता येईल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : मुलांची सुरक्षितता. संवाद नेहमी शिक्षकाच्या खात्यावरून आणि शिक्षकाच्या उपस्थितीतच व्हावा. मुलांची पूर्ण नावे, घरचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक बाहेर जाऊ नयेत. छायाचित्र किंवा चित्रफीत पाठवण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी आणि ती कशासाठी आहे हे त्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावे. समोरच्या शाळेची आणि शिक्षकाची खातरजमा आधी करावी. मैत्री वर्गाची वर्गाशी असावी, एकट्या मुलाची अनोळखी माणसाशी नव्हे.

चौथा धोका दिखाऊपणाचा. पाहुणे बोलवायचे, पडदा लावायचा, मुलांनी पाठ केलेली चार वाक्ये म्हणायची आणि छायाचित्र वृत्तपत्रात द्यायचे, एवढ्यावर उपक्रम संपला तर तो समारंभ होतो, शिक्षण होत नाही. भेटीपूर्वी मुलांनी प्रश्न तयार केले का, भेटीनंतर उत्तरे नकाशावर मांडली का आणि दुसऱ्या भेटीत पहिलीपेक्षा बरा प्रश्न विचारला का, या तीन कसोट्या लावाव्यात. गरिबीचे प्रदर्शन होणार नाही, याचीही काळजी घ्यावी. तिकडच्या मुलांनी दया दाखवावी आणि इकडच्या मुलांनी भेटवस्तूंची वाट पाहावी, असे नाते जुळले तर दोघांचेही नुकसान होते.

आपण काय करू शकतो?

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे नातलग आखातात, युरोपात, कॅनडात आहेत. आपले अनेक धर्मगुरू आणि धर्मभगिनी परदेशांत सेवा करीत आहेत. त्यांच्यापैकी कितीतरी जणांचा तेथील शाळांशी रोजचा संबंध येतो. एखाद्या शिक्षकाला परदेशात विश्वासू जोडीदार मिळवून देणे ही आपल्यासाठी एका दूरध्वनीची गोष्ट असू शकते. सुस्थितीतील जुना संगणक किंवा पडदा एखाद्या वाडीच्या शाळेला देणे हीही मोठी मदत ठरेल. ज्या पालकांना एवढेही शक्य नाही, त्यांनी निदान आपल्या मुलांबरोबर अंगणात एक काठी रोवावी, बाटलीचे पर्जन्यमापक करावे आणि दुसऱ्या गावातील नातलगांच्या मुलांशी आकडे जुळवून पाहावेत. वसई आणि श्रीरामपूर यांच्या पावसातील फरकही पुष्कळ शिकवून जाईल.

जग जवळ आले आहे, असे आपण वारंवार ऐकतो. पण ते जवळ येते तेव्हा बहुधा एकाच दिशेने येते : शहराची चित्रे खेड्यात पोचतात, खेड्याचे ज्ञान शहरात पोचत नाही. भंडारदऱ्याच्या एखाद्या मुलीने आपल्या वहीतील पावसाचे आकडे दूर देशीच्या मुलाला सांगावेत, त्याने ते नकाशावर टिपून घ्यावेत आणि पुन्हा प्रश्न विचारावा, एवढे जरी झाले तरी दुसऱ्या दिशेचा रस्ता उघडेल. त्या रस्त्यासाठी लागणारे साधन आज पुष्कळांच्या खिशात आहे. आता हवा आहे तो प्रश्नांची वही घेऊन वर्गात येणारा शिक्षक आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे आपण.